बर्फावरचा घरबशा

संक्रांत त्या वर्षी बुधवारी होती. पण परदेशातल्या या नेपरव्हिलमध्ये कुठलाही सण रविवारशिवाय उगवत नाही, त्यामुळे देवस्थळींच्या घरात गुळाच्या पोळ्या रविवारी लाटल्या गेल्या. सकाळपासून बर्फ पडत होता. राजीव खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक उघडं ठेवून बसला होता आणि धाकट्या भावाच्या, संजयच्या गाडीची वाट बघत होता. वाट बघत होता म्हणजे, ती येऊ नये असं त्याला वाटत होतं.

त्याच्या बायकोने, सुलेखाने, आठवडाभर मनाशी जी तयारी केली होती, ती पोळ्यांची नव्हती.

"यतीन आला की मी सरळ विचारणार आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी कधी बोलतो?"

"तेच सांगतेय. आजही बोलू नका."

प्रश्न नकुलचा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा चौदा वर्षं फॉक्स व्हॅली हेरॉन्सकडून आइस हॉकी खेळला होता, बचावफळीत. हेरॉन्स म्हणजे काही टीव्हीवर रोज दिसणारा संघ नव्हे. मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा, गावातल्या लोकांनी डोक्यावर घेतलेला. त्यांच्या स्टेडियमच्या दारातच एक लांब भिंत आहे. तिच्यावर क्लबने गौरवलेल्या जुन्या खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे फोटो, खाली पितळी पाटी. त्या भिंतीला हॉल ऑफ फेम म्हणतात. या वर्षी नकुलचं नाव विचारात होतं. कमिटीत सात माणसं. तिघं बाजूने, तिघं विरुद्ध. सातवा होता यतीन, म्हणजे संजयचा मुलगा, नकुलचा सख्खा चुलत भाऊ. दिवसा तो एका विमा कंपनीत आकडेमोड करायचा आणि आठवड्यातून एकदा हेरॉन्सवर पॉडकास्ट करायचा. मतदान मंगळवारी होतं.

"आणि हो," सुलेखा पीठ लागलेल्या हातांनी दारात आली, "रुचाला त्या शब्दाचं सांगून ठेवायला हवं होतं हो. फोन करते करते म्हटलं आणि राहूनच गेलं."

राजीवने पुस्तक मिटलं.

तो शब्द त्याचा होता. नकुलला हेरॉन्सने घेतलं त्या वर्षी मराठी मंडळाच्या अंकासाठी राजीवने एक लेख लिहिला होता. बचावपटूंचे दोन प्रकार असतात, हे त्याने वाचून काढलं होतं. एक संधी मिळाली की पुढे धावणारा, आणि दुसरा काहीही झालं तरी आपल्या गोलसमोरून न हलणारा. या दुसऱ्याला इंग्रजीत 'स्टे-अ‍ॅट-होम डिफेन्समन' म्हणतात. नकुल या जातीचा. राजीव दोन संध्याकाळी शब्द शोधत बसला आणि शेवटी त्याने लिहिलं, 'घरबशा बचावपटू'. लोक हसले. मंडळात, फोनवर, लग्नाकार्यात नकुलचं नाव घरबशा पडलं.

नकुलचं मराठी जेवणाखाण्यापुरतं. त्याला वाटलं, आपल्या खेळातल्या जागेला बाबांच्या भाषेत असंच म्हणतात. क्लबच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर विचारलं, घरी तुला काय म्हणतात, तेव्हा त्याने अभिमानाने सांगून टाकलं. देवस्थळी हे नाव तिथे कुणाच्याच जिभेवर बसत नव्हतं, हे बसलं. मग दर सामन्याला हजारो माणसं पाय आपटत ओरडायची, "गार-बाशा! गार-बाशा!" आणि राजीव त्या गर्दीत मांडीवर पुस्तक घेऊन, मान खाली घालून बसायचा. गंमत वाटून घ्यावी की लाज, हे त्याला चौदा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. खरा अर्थ नकुलला कुणी सांगितला नाही. आधी गंमत म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून. घरातलं एक न बोलता पाळलेलं पथ्यच होतं ते. संजयची नवी सून, यतीनची बायको रुचा आठ महिन्यांपूर्वी नागपूरहून आली होती. तिला हे पथ्य ठाऊक नव्हतं.

"आल्यावर बाजूला घेऊन सांग," राजीव म्हणाला.

तेवढ्यात गाडी वळलीच.

संजय नेहमीप्रमाणे आवाजाच्या मागून घरात शिरला. "दादा, काय हा बर्फ! वहिनी, गोड बोलायचा दिवस आहे म्हणतात, तेव्हा आधी खाऊन घेऊ, मग काय बोलायचं ते बोलू." त्याची बायको सुहासिनी पुण्याला आईकडे गेली होती, त्यामुळे त्याला आवर घालणारं कुणी नव्हतं. मागून यतीन बूट झटकत आला आणि रुचा तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन. तिने राजीव-सुलेखाला वाकून नमस्कार केला. सुलेखाने तिला बाजूला घ्यायला हात पुढे केला, तोच तव्यावरची पोळी फुटून गूळ जळल्याचा वास आला आणि ती आत धावली.

तळघराचा जिना वाजला. नकुल वर आला. सहा फुटांच्या वर उंची, नाक दोनदा मोडलेलं, पुढचे दात बसवलेले. बेचाळिसाव्या वर्षी तो गावातल्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करण्याचं मशीन चालवत होता आणि शनिवारी पोरांना शिकवत होता. दोन वर्षांपूर्वी खेळ संपला आणि त्याच हिवाळ्यात लग्नही. थोड्या दिवसांसाठी म्हणून तळघरात राहायला आला तो अजून तिथेच होता. बापलेकांत रोज बोलणं व्हायचं. खाली हीटर चालू आहे ना? हो. बर्फ पडतोय. येस. यापलीकडे काही विचारावं असं राजीवला पुष्कळदा वाटायचं. पण काय, ते जिन्यापर्यंत जाईस्तोवर हातातून निसटायचं.

नकुल टेबलाच्या टोकाला बसला. सुलेखाने त्याच्या पोळीवर तुपाची धार सोडली, आणि धार संपायच्या आत विचारलं, "यतीन, मंगळवारी तू मत देणार आहेस ना?"

"मोठ्या काकू, जेवण झाल्यावर बोलू या का?"

"जेवण झाल्यावर तू सोफ्यावर झोपतोस."

संजय हसला. "बोल रे. लपवतोस काय?"

यतीनने चष्मा काढून पुसला. "मी रिक्यूज करणार आहे. म्हणजे बाजूला राहणार. मत देणार नाही. मी भाऊ आहे त्याचा, ते बरं दिसणार नाही."

"आणि तीन-तीन झालं तर?"

"टाय झाली तर नाही. नाव परत यायला पाच वर्षं जातात."

"अरे, पण तुला कमिटीने मनाई केलीय का?" संजय म्हणाला.

"नाही. चेअरमनला माहितीय. तो म्हणाला, यू डिसाइड."

"मग प्रॉब्लेम काय आहे, यार? इतके लोक ओळखीपाळखीवर काय काय करतात! तुला नुसतं हो म्हणायचंय. घरचं माणूस आहे, शेजारचा नाही."

"तोच प्रॉब्लेम आहे, बाबा." यतीनचा आवाज चढला. "घरचं नसतं तरी मी हो म्हटलं असतं का, ते मला माहीत नाही."

सुलेखाने तुपाची वाटी खाली ठेवली.

"फेअर इनफ," नकुल म्हणाला आणि त्याने आणखी एक पोळी घेतली.

"काय फेअर?" सुलेखा त्याच्यावरच उखडली. "तू गप्प बस. चौदा वर्षं गप्पच बसलास. यतीन, त्या टायलर बर्गमनचा फोटो लागलाय ना भिंतीवर? तोही बचावपटूच ना? याच्याच जोडीला खेळायचा ना?"

"काकू, टायलरचे गोल बघा. एकेका सीझनला पंधरा-वीस. नकुलचे सगळे मिळून एकोणीस आहेत. चौदा वर्षांत! नकुल चांगला होता. रिलायबल होता. पण भिंत काही हजेरीपटासाठी नसते."

"टायलर पुढे पळायचा, कारण मागे माझा मुलगा उभा होता!"

"तुम्ही एक तरी मॅच बघितलीत का, काकू?"

"नाही बघितली. माझ्या मुलाला कोण कुठे आपटतंय ते तिकीट काढून बघायला जाऊ?"

"एकोणीसच?" संजयने हळूच विचारलं. "वहिनी, नंबर तसा... बोलतो हो."

"भावजी, आत्ता तर तुम्ही आमच्या बाजूने होतात!"

"मी अजून आहे. फक्त मला नंबर माहीत नव्हता."

रुचा इतका वेळ ऐकत होती. तिने नवऱ्याकडे बघून विचारलं, "पण यतीन, ज्याचं कामच गोल होऊ न देणं आहे, त्याचे गोल कशाला मोजतोस? न झालेले मोज ना."

"बघ!" सुलेखा म्हणाली. "शाबास गं."

"जे झालंच नाही ते मी कसं मोजू? सांग ना तू." यतीन वैतागला. पण त्याच्या वैतागात खोटेपणा नव्हता, आणि हे राजीवला दिसत होतं. हा मुलगा खरंच विचार करकरून दमला होता. "आकड्यांत ते अर्धवटच दिसतं. त्याच्यामुळे गोल झाला नाही की गोलकीपरमुळे, की समोरचेच भिकार होते? कुणी सगळं डोळ्यांनी बघितलेलं हवं." आणि मग त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. "मोठे काका. तुम्ही सगळ्या होम मॅचेस बघितल्यात. तुम्ही सांगा. तो त्या भिंतीवर हवा का? तुम्ही मला खोटं सांगणार नाही. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

सगळे राजीवकडे वळले. नकुलही. खाणं थांबवून, कोपर टेबलावर ठेवून तो बापाकडे बघत राहिला, आणि राजीवच्या ध्यानात आलं की या मुलाने आजवर आपल्याला हे कधीच विचारलेलं नाही, आणि आपणही कधी सांगितलेलं नाही.

उत्तर त्याच्याकडे होतं. हो. पण राजीवच्या बाबतीत उत्तर मनातून ओठांपर्यंत यायला मध्ये बरेच दरवाजे. हो म्हणजे नक्की हो का? की बाप म्हणून हो? आपल्याला या खेळातलं कळतं तरी किती? पुस्तकं वाचून शिकलेला माणूस आपण. एक वाक्य तो मनात जुळवत होता, मोडत होता, पुन्हा जुळवत होता.

संजयला शांतता कधीच सोसत नसे. "अरे, दादाला काय विचारतोस? दादाने तर सोळा वर्षांपूर्वीच निकाल दिलाय. घरबशा!"

"घरबशा?" रुचाला खुदकन हसू आलं. "अय्या, कुणाला? नकुलदादांना? खाली बेसमेंटमध्ये राहतात म्हणून?"

सुलेखाने तिच्या मनगटावर हात ठेवला. उशीर झाला होता.

"नो, नो," नकुल समजावून सांगायच्या सुरात म्हणाला. "ती माझी पोझिशन आहे. स्टे-अ‍ॅट-होम. मराठीत घरबशा म्हणतात."

रुचाने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. यतीन ताटाकडे बघत होता. संजय पाण्याचा ग्लास शोधत होता.

"म्हणतात ना?" नकुलने तिला विचारलं. "रुचा? व्हॉट डझ इट मीन?"

"काही नाही रे," सुलेखा म्हणाली, "लाडाने म्हणतात."

"आई, मी तिला विचारतोय."

रुचा लाल झाली होती. "म्हणजे... तसंच. घरी असतो तो."

"अँड?"

"आणि... जो काही करत नाही. नुसता घरी बसून राहतो. आळशी असं नाही, पण..." तिला पुढे बोलवेना. "सॉरी, दादा. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

नकुलने तळघराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि त्याला हसू आलं, अगदी थोडं.

"वेल," तो म्हणाला. "इट्स अ‍ॅक्युरेट."

खुर्ची मागे सारून तो उठला, खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि बाहेर गेला. थोड्याच वेळात ड्राइव्हवेवरून फावड्याचा आवाज येऊ लागला.

"भावजी, तुमच्या जिभेला काही हाड?" सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला काय माहीत, त्याला अजून माहीत नाही! बेचाळीस वर्षांचा बाप्या..."

"चूक माझी आहे," रुचा म्हणाली.

"तुझी कशी? मी फोन केला नाही म्हणून..."

सगळे आता आपापसांत चूक वाटून घेत होते आणि राजीवच्या वाट्याला कुणी काही देत नव्हतं. तो बूट घालायला खाली वाकला.

"अहो, तुम्ही कुठे? घसराल!"

"बघतो," तो म्हणाला.

बाहेर गारठा कानांना चावत होता. बर्फ ढकलायचं मशीन गराजमध्ये होतं, पण नकुल हाताने फावडं मारत होता. गाडीच्या चाकांपासून रस्त्यापर्यंत सरळ पट्टा काढत चालला होता. राजीव दारापाशी उभा राहिला. काय बोलावं? हीटर चालू आहे ना, असं इथे विचारता येत नव्हतं.

"तू लिहिलंस ना ते?" नकुलनेच विचारलं. न वळता.

"हो."

"हसत होतास?"

राजीवने विचार केला. "थोडा हसत असेन. मला नीट आठवत नाही. दुसरा शब्द सापडला नाही मला."

"इतकी पुस्तकं आहेत घरात, बाबा."

"हो."

फावडं पुन्हा चाललं. मग थांबलं. "आत तू काय सांगणार होतास? रुचा हसली त्याच्या आधी."

"हो म्हणणार होतो. की तू हवास तिथे."

"राइट." नकुलने मान हलवली. "पण तू बोलला नाहीस. आता बोललास तर ते सॉरी आहे, बाबा. यू सी? आता तू काहीही म्हण, मला सॉरीच ऐकू येणार."

खरंच होतं ते. राजीवला वाटलं, एवढंच एक वाक्य आयुष्यात वेळेवर म्हणायचं होतं, आणि आपण ते जुळवत बसलो. आता ते कितीही खरं असलं तरी त्याच्यावर दयेचा वास राहणार. त्याने हातमोज्यात बोटं मिटली, उघडली. आत परत जावं. नेहमीप्रमाणे.

"डावीकडे वळायला तू हळू होतास," तो म्हणाला.

नकुल वळला. "व्हॉट?"

"डावीकडे. पहिल्या वर्षापासून. उजवीकडे वळताना पाय आपोआप जायचे तुझे. डावीकडे वळायचं म्हणजे आधी विचार करायचास. दुसऱ्या संघांना ते कळलं होतं. ते तिकडूनच यायचे."

"तो गुडघा होता."

"गुडघा सातव्या वर्षी गेला. मी त्याच्या आधीचं बोलतोय."

नकुल त्याच्याकडे बघत राहिला.

"आणि तुझं तिसरं वर्ष वाईट होतं," राजीवला आता थांबता येईना. "रागाने खेळायचास. फालतू पेनल्टी घेऊन बाहेर बसायचास आणि बाकीचे तुझ्यावाचून चार जण झुंजत राहायचे. कोचने तुला बसवलं ते बरोबर केलं."

"तो कोच इडियट होता!"

"होता. पण ते बरोबर केलं त्याने. आणि टायलर तुझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता."

"आय नो दॅट." नकुल चिडून म्हणाला, पण ते चिडणं वेगळं होतं, मघाचं नव्हतं. "एव्हरीबडी नोज दॅट."

"हो. पण तुझा खांदा निखळून तू दोन महिने बाहेर होतास, तेव्हा टायलर निम्मा झाला होता. त्याच्या जोडीला तो दुसरा मुलगा दिला होता, लाल केसांचा. टायलर पुढे निघायच्या आधी प्रत्येक वेळी मागे वळून बघायचा. तेवढ्यात संधी जायची. दोन महिन्यांत त्याचा एकही गोल नाही. तू परत आलास, आणि पहिल्याच सामन्यात तो सरळ निघाला. त्याने मान वळवलीच नाही. तू असताना टायलरने एकदाही मागे बघितलं नाही, नकुल. मी बघत होतो."

बर्फ त्या दोघांच्या खांद्यांवर पडत होता. नकुलने फावडं बर्फात रोवलं आणि त्याच्या दांड्यावर हात ठेवले.

"तुला हे तिकडून दिसलं?"

"मी त्याच टोकाला असायचो ना."

"आय नो." नकुल म्हणाला. "तू जागा बदलायचास."

राजीव गडबडला. सामन्याचे तीन भाग, म्हणजे तीन पिरियड; दर पिरियडला संघ बाजू बदलतात. पहिल्या पिरियडला नकुल इकडच्या गोलपुढे उभा असायचा, दुसऱ्याला तो समोरच्या टोकाला जायचा आणि तिसऱ्याला परत इकडे. म्हणून राजीवही मधल्या सुट्टीत कोट, पुस्तक, कॉफी सांभाळत सगळ्या स्टेडियमला अर्धा वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाऊन बसायचा, आणि पुढच्या सुट्टीत परत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सुलेखालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? म्हातारा माणूस, पाय मोकळे करत असेल.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या टीमला माहीत होतं. आम्ही बाहेर यायचो आणि गोलकीपर आधी बघायचा. 'देअर ही इज.' तू नसलास तर तो नर्व्हस व्हायचा." नकुलला हसू फुटलं. "बाबा, गोल तर सगळे दुसऱ्या बाजूला व्हायचे. आपले गोल तू बघितलेस तरी का?"

"नाही रे. लांब असायचं. ओरडा झाला की कळायचं."

"चौदा वर्षं?"

"तुझे दोन-तीन बघितले. तेही फार लांबून मारायचास म्हणून."

नकुल मोठ्याने हसला. मग हसणं संपलं. पण आत जायची घाई कुणालाच नव्हती.

"डावीकडचं," नकुल जरा वेळाने म्हणाला, "कुणी कधी सांगितलं नाही मला. तू सांगायचंस."

"मला वाटलं, मला काय कळतं."

नकुलने बापाच्या टोपीवरचा बर्फ हाताने झटकला, जरा जोरातच, आणि म्हणाला, "जा आत. पडशील. उरलेलं मी करतो."

आत टेबल तसंच होतं. पोळ्या गार झाल्या होत्या. राजीवने बूट काढले नाहीत. काढले असते तर धीर गेला असता.

"यतीन," तो म्हणाला. "तू विचारलंस. तो हवा तिथे."

"नक्की, काका?"

"नक्की." हा शब्द आपल्या तोंडून इतका सरळ निघालेला त्याला आठवत नव्हता. "पण माझं ऐकून मत देऊ नकोस. त्याचा खांदा गेला होता ते दोन महिने बघ. टायलरचं काय झालं ते बघ. नकुल परत आल्यावर काय झालं तेही बघ. न झालेलं तिथे थोडं मोजता येईल."

यतीनने चष्मा वर सरकवला. त्याचे डोळे बदलले होते; आकडे दिसू लागल्यावर व्हायचे तसे. "त्या सीझनचा डेटा आहे माझ्याकडे," तो पुटपुटला. "मी कधी तसं लावूनच बघितलं नाही."

"मग? देणार ना मत?" सुलेखाने विचारलं.

"देईन. बाजूला नाही राहणार. पण काय देईन ते कुणी विचारायचं नाही. बाबांनी तर अजिबात नाही."

"मी? मी काय केलं?" संजय म्हणाला.

चारच्या सुमाराला ती मंडळी गेली. रुचा जाताना ड्राइव्हवेवर नकुलशी काहीतरी बोलली. खिडकीतून राजीवला नकुल मान हलवताना दिसला आणि तिला गाडीत बसायला हात देताना. मग तो आत आला, आईने पुढे केलेली वडी तोंडात टाकली आणि खाली गेला. दार लागलं. सुलेखा दमून आडवी झाली. बाहेर लवकरच अंधारायला लागलं आणि घर रविवारी संध्याकाळी व्हायचं तसं मोठं झालं.

राजीवने पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. काय वाचलं ते कळलं नाही म्हणून परत वाचलं. आज खाली जाता येईल, त्याला वाटलं. आज विषय आहे. त्या लाल केसांच्या मुलाचं नाव काय होतं, एवढं विचारलं तरी पुरे. तो उठला, तळघराचं दार उघडलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

खालून नकुलचा आवाज येत होता. तो फोनवर होता. टायलर असेल, किंवा आणखी कुणी. कुणाला फोन करतो, कुणाशी बोलतो, हे राजीवला कुठे माहीत होतं?

"नो, ट्यूसडे," नकुल म्हणत होता. "नोबडीज व्होटेड यट, मॅन." मग थोडं थांबून, "जस्ट माय डॅड."

आणि पलीकडचं ऐकण्यात तो गप्प झाला.

राजीव कठड्याला धरून उभा राहिला. जस्ट. या 'जस्ट'ला काय म्हणायचं? फक्त? नुसता? नुकताच? नुसता बाप, असं म्हणाला असेल का तो? त्याने कान दिला. पुढचा शब्द ऐकला तर कळेल. न ऐकला तर ते जसं आत्ता कानात आहे तसं राहील.

तो पायरीवरून मागे आला आणि आवाज होऊ न देता त्याने दार लोटलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसताना कपाटातला शब्दकोश त्याच्या अगदी हाताशी होता. राजीवने दिवा लावला नाही. अंधारात, बाहेर पडणाऱ्या बर्फाकडे बघत, ते तीन इंग्रजी शब्द त्याने जसेच्या तसे, मराठी न करता, स्वतःशी म्हणून बघितले.